पंखा लावला आणि मायनर जास्तच बंद पडू लागले: सांगलीतल्या एका माळ्यावरचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या घरातला एक मुलगा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. अडतीच्या दुकानावर पत्र्याचा माळा आहे, तिथे त्याने बिटकॉइनचे दोन यूएसबी मायनर, म्हणजे बिटकॉइन मिळवण्यासाठी अखंड गणितं करणारी, यूएसबीत खोचायची छोटी यंत्रं, लावले होते. थंडीत बसवले तेव्हा रात्रंदिवस बिनतक्रार चालले. मार्च सरत आला तसे दुपारचे बंद पडायला लागले. उन्हाळा आहे, तापत असणार, म्हणून त्याने पंखा लावला. पंखा लावल्यावर ते दुपारी तर बंद पडायचेच, पण रात्रीही पडू लागले.

तो माझ्याकडे आला तेव्हा निदान स्वतःच करून आला होता. "काका, चिप गेली का बघा की. एवढा वारा लावूनही टिकंना झालंय."

चिप गेली नव्हती. पण हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं. मायनर बंद पडला की सगळ्यांच्या डोक्यात पहिला शब्द येतो उष्णता. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा मूळ असतं विजेत, आणि उष्णता त्याच्यावर पांघरूण घालते.

यंत्र काय आहे

त्याच्याकडच्या स्टिक म्हणजे गेकोसायन्सच्या कॉम्पॅक एफ. पेन ड्राइव्हपेक्षा थोडी मोठी पट्टी, तिच्यावर बीएम१३९७ ही एकच चिप आणि पाठीला उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक. हीच चिप बिटमेनच्या अँटमायनर एस१७ मालिकेतल्या मोठ्या यंत्रांत डझनांनी बसवलेली असते. चिपमध्ये ६७२ कोअर आहेत आणि हिशोब अगदी सरळ आहे: मेगाहर्ट्झ गुणिले ६७२. फ्रीक्वेन्सी ४०० ठेवली तर सेकंदाला २६८.८ गिगाहॅश, म्हणजे गणिताचे तेवढे अब्ज प्रयत्न. हा गुणाकार लक्षात ठेवा, पुढे निदानाला तोच उपयोगी पडला.

यूएसबी मायनर ही गोष्ट नवी नाही. २०१३ मध्ये आसिकमायनरची ब्लॉक इरप्टर नावाची पट्टी आली. ती ३३३ मेगाहॅश द्यायची आणि अडीच वॉट खायची, म्हणजे ५ व्होल्टला अर्धा अँपिअर. यूएसबी २.० चं सॉकेट नेमकं तेवढंच द्यायला बांधील असतं, त्यामुळे ती पट्टी कॉम्प्युटरच्या साध्या सॉकेटमध्ये घुसवली तरी चालायची. आजची कॉम्पॅक एफ तिच्या सुमारे ८०० पट काम करते. ४०० मेगाहर्ट्झला या स्टिक माझ्या मीटरवर सुमारे साडेनऊ वॉट घेत होत्या, म्हणजे जवळजवळ दोन अँपिअर. मधल्या काळात चिप बदलली, भूक चौपट झाली, पण प्लग तोच राहिला. यूएसबी ३.० चं साधं सॉकेटसुद्धा नियमाने ९०० मिलिअँपिअरचंच असतं, आणि नेहमीच्या चपट्या प्लगच्या संपर्कपट्ट्या साधारण दीड अँपिअरच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. म्हणजे आपण पहिल्या मिनिटापासूनच त्या सॉकेटकडून नियमाबाहेरचं काम करून घेत असतो. या छंदातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथे आहे.

माळ्यावरची जोडणी अशी होती. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला सात सॉकेटचा एक हब, हबसोबत आलेला ५ व्होल्ट ४ अँपिअरचा अडॅप्टर, हबमध्ये शेजारीशेजारी दोन स्टिक. आणि नंतर आणलेला यूएसबीवर चालणारा टेबल पंखा. तोही त्याच हबमध्ये.

माळ्यावर जाऊन काय दिसलं

यंत्र माझ्या दुकानात मागवून तपासण्यापेक्षा मी माळ्यावर गेलो. अशा प्रकरणात जागा बघितल्याशिवाय काही कळत नाही. सौद्यांचे दिवस होते, खाली पोत्यांची थप्पी, हमालांची ये-जा, आणि हवेत हळदीची धूळ. वर पत्रा इतका तापलेला की हात लावला तर चटका बसावा. टेबलावरच्या थर्मामीटरवर ४४ अंश होते.

हीटसिंकच्या पात्यांमध्ये पिवळा थर साचला होता. साधी धूळ ब्लोअरने उडते, ही उडत नाही. हळदीत मुळात तेल असतं. बारीक भुकटी गरम धातूवर बसली की चिकटते आणि हळूहळू तिचा लेप होतो. पंखा लावल्यावर तर हीच हवा जास्त वेगाने पात्यांतून जायला लागली, म्हणजे लेपही लवकर चढला. तो शेवटी जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाला.

पण माझी नजर अडकली ती हबवर. ज्या दोन सॉकेटमध्ये स्टिक होत्या, त्यांच्या आतली प्लास्टिकची जीभ मुळात निळी असते. एका सॉकेटची जीभ कडेने तपकिरी झाली होती. बोट लावलं तर प्लगचं धातूचं कवच चांगलंच गरम. हीटसिंक तापणं समजू शकतं, त्याचं कामच ते. प्लग तापतो तेव्हा अर्थ एकच: संपर्काच्या जागी रोध वाढलाय आणि वीज तिथेच जळतेय. संपर्क ढिला, म्हणून गरम. गरम, म्हणून स्प्रिंग आणखी ढिली. हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. आणि दोन हातांवर गोणपाटाची रिकामी पोती रचलेली. मुलाच्या वडिलांनी खालून विचारलं, "अहो, पेटबिट घेणार नाही ना हे?" मी त्यांना सांगितलं, आत्ता आहे असंच ठेवलं तर घेऊ शकतं. दोन्ही स्टिक तिथल्या तिथे काढायला लावल्या, पोती हलवली, मग मोजायला बसलो.

मोजमाप

सीजीमायनर या मायनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर तीन गोष्टी बघितल्या. पहिली, सरासरी हॅशरेट. पाच सेकंदांचा आकडा वरखाली नाचतच असतो, त्यावर विश्वास ठेवू नये. कित्येक तासांची सरासरी बघावी. ४०० मेगाहर्ट्झला २६८.८ अपेक्षित असताना लांब पल्ल्याची सरासरी २५५ च्या खाली राहत असेल तर काहीतरी दुखतंय असं मी धरतो. त्याच्या एका स्टिकची सरासरी २३० च्या आसपास होती. दुसरी गोष्ट, हार्डवेअर एरर: चिपने काढलेलं पण तपासात चुकीचं निघालेलं उत्तर. ते वाढत होते. तिसरी, अधूनमधून स्टिकच्या नावापुढे ‘झॉम्बी’ असा शेरा. म्हणजे यूएसबीवरून उपकरणच गायब झालं.

हा झॉम्बी शेरा फार बोलका आहे. चिप नुसती गरम होऊन चुकायला लागली तर आधी एरर वाढतात, हॅशरेट घसरतो. अख्खी स्टिक यूएसबीवरून निघून गेली याचा अर्थ बहुतेक वेळा तिच्यातल्या यूएसबीशी बोलणाऱ्या चिपलाच क्षणभर पुरेशी वीज मिळाली नाही.

मल्टिमीटर लावला. कुठे लावायचा हे इथे महत्त्वाचं. अडॅप्टरच्या टोकाला मोजून ‘पाच व्होल्ट येतायत की’ म्हणणारे खूप असतात. मोजायचं स्टिकच्या बोर्डावर, प्लगच्या मागे जिथे पाच व्होल्टची पिन सोल्डर केलेली असते तिथे, आणि स्टिक पूर्ण कामात असताना. टोक घसरून शेजारच्या पिनला लागू द्यायचं नाही, एवढं सांभाळायचं.

रिकाम्या हबवर ५.०५ व्होल्ट. दोन्ही स्टिक ४०० ला चालू केल्यावर स्टिकपाशी ४.६. पंखा चालू केला, ४.३. मीटरचं किमान-मूल्य धरून ठेवणारं बटण दाबून थोडा वेळ सोडलं, तर मीटरवर क्षणभर ४.१ सुद्धा येऊन गेले होते.

आता पंख्याचं कोडं सुटतं. दोन स्टिकनीच तो चार अँपिअरचा अडॅप्टर मर्यादेपर्यंत ओढला होता. पंख्याचे आणखी साधारण ०.४ अँपिअर आले, मर्यादा ओलांडली, अडॅप्टरने मान टाकली. घरात टाकीवरून दोन नळ सुरू असताना तिसरा उघडला की पहिल्या दोघांची धार बारीक होते, तसंच.

इथवर कुणालाही कळतं. त्याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्टिकच्या आत ५ व्होल्टवरून चिपला लागणारा कमी दाब बनवणारा बक कन्व्हर्टर असतो. त्याला चिपकडे ठरावीक वॉट पोचवायचेच असतात. बल्बला दाब कमी मिळाला तर तो मंद जळतो, म्हणजे प्रवाहही कमी ओढतो. बक कन्व्हर्टर उलटा वागतो: दाब घटला की तेवढेच वॉट पुरवायला तो प्रवाह जास्त ओढतो. साडेनऊ वॉट ५ व्होल्टला म्हणजे १.९ अँपिअर; तेच ४.३ व्होल्टला २.२ अँपिअर. प्रवाह वाढला की वायरीत आणि ढिल्या सॉकेटमध्ये आणखी दाब वाया जातो, मग आणखी प्रवाह. एका टप्प्याला सगळं एकदम कोसळतं आणि स्टिक झॉम्बी होते. म्हणून हे बिघाड हळूहळू येत नाहीत, अचानक येतात, आणि माणूस गोंधळतो.

मग दुपारीच का बंद पडायचे? तांबं गरम झालं की त्याचा रोध वाढतो, अडॅप्टरची ताकद तापमानाबरोबर घटते, आणि गरम चिप त्याच कामाला थोडी जास्त वीज गळवते. तिन्ही गोष्टी पत्र्याखाली एकाच वेळी. थंडीत जी व्यवस्था काठावर उभी होती ती मार्चमध्ये पलीकडे गेली. उष्णता होतीच, पण तिने फक्त शेवटचा धक्का दिला.

वायरींबद्दलही सांगायला हवं, कारण लोक हमखास एक्स्टेंशन वायर वापरून स्टिक दूर टेबलावर ठेवतात. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाऊन-येऊन एक मीटर वायर म्हणजे ०.४२. दोन अँपिअरला ०.८४ व्होल्ट वायरीतच गेले. त्याच जागी २० गेजची तार असेल तर ०.१३ च्या आसपास. बाजारातल्या स्वस्त वायरीत बाहेरून जाड रबर आणि आत केसासारखी तार असते. सालपट काढल्याशिवाय कळत नाही.

दुरुस्ती

हब बदलला, तपकिरी सॉकेटवाला टाकूनच दिला. एकदा जळकट झालेलं सॉकेट साफ करून परत वापरणं मला मान्य नाही. नव्या हबचा अडॅप्टर वापरलाच नाही. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो जाळीच्या पत्र्याचा ५ व्होल्ट १० अँपिअरचा पॉवर सप्लाय आणला, त्याच्या दोन वायरी, एक चौरस मिलिमीटरच्या, हातभरापेक्षाही आखूड, थेट हबच्या बोर्डावर स्टिकच्या सॉकेटजवळ सोल्डर केल्या. सप्लायवरचा बारीक स्क्रू फिरवून दाब ५.१५ वर ठेवला. त्याहून वर नेण्याचा मोह होतो, यूएसबी २.० ची वरची मर्यादा ५.२५ आहे, म्हणून तिथेच थांबलो.

या सप्लायला घरच्या विजेचे स्क्रू उघडे असतात. अर्थिंग जोडलं, पुढे फ्यूज टाकला, आणि सगळं झाकण असलेल्या डब्यात बसवलं. ज्यांनी घरच्या विजेचं काम केलेलं नाही त्यांनी हे वायरमनकडूनच करून घ्यावं, मी अगदी मनापासून सांगतोय.

एक बारीक गोष्ट: स्वस्त हब स्वतःचे पाच व्होल्ट उलट रास्पबेरी पायकडे ढकलतात. पाय त्यावर अर्धवट जागा होतो, बंद होत नाही, विचित्र वागतो. हबच्या पायकडे जाणाऱ्या प्लगवरच्या पाच व्होल्टच्या पट्टीवर चिकटपट्टी लावली. हा हब तरीही ओळखला गेला. काही हबना वरचे पाच व्होल्ट दिसल्याशिवाय जाग येत नाही, तिथे हा उपाय चालत नाही. पायला त्याचा स्वतःचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर दिला. पायच्या स्वतःच्या सॉकेटमध्ये थेट स्टिक लावणाऱ्यांसाठी: पाय ४ च्या चारही सॉकेटना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. एकसुद्धा स्टिक त्यात बसत नाही.

पुन्हा मोजलं. दोन्ही स्टिक कामात, स्टिकपाशी ५.०४ व्होल्ट. किमान मूल्य ५.०.

पंखा मग वेगळा केला. घरात जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडून होता, त्यावर कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा. हबशी त्याचा काही संबंध नाही. स्टिकच्या पात्यांवर आडवा वारा जाईल असा, चार बोटं अंतरावर.

तापमान मोजताना त्या मुलाने इन्फ्रारेड थर्मामीटर थेट हीटसिंकवर धरला आणि ३६ अंश आले. खोलीच ४४ अंशांची असताना हे शक्यच नाही. चकचकीत ॲल्युमिनियम या थर्मामीटरला फसवतं. हीटसिंकवर काळ्या इन्शुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवून त्यावर मोजलं: पंख्याविना ७१, पंख्यासह ५७. म्हणजे खोलीपेक्षा २७ अंश वर होतं ते १३ अंश वर आलं.

हा १३ चा आकडा खरा. पंखा हीटसिंकला खोलीच्या खाली नेऊ शकत नाही, खोलीच्या जवळ आणू शकतो, बस. म्हणून पुढचं पाऊल जागेचं होतं. अख्खा संच विश्रामबागेतल्या घरी, तळमजल्यावरच्या उत्तरेच्या खोलीत गेला. तिथे दुपारी ३५. हीटसिंक ४८. कुठलाही महागडा पंखा जे देणार नव्हता ते एका जिन्याने आणि एका भिंतीने दिलं. हळदही नाही.

मग वेग

इतकं झाल्यावरच फ्रीक्वेन्सीला हात लावला. २५ मेगाहर्ट्झचा एक टप्पा, मग रात्रभर वाट, मग सरासरी आणि एरर. ४२५ ला अपेक्षित २८५.६, मिळाले २८३. छान. ४५० ला एका स्टिकची सरासरी घसरली, दुसरीची नाही. चिपचिपमध्ये एवढा फरक असतोच.

मागे पडलेल्या स्टिकचं कोअर व्होल्टेज बोर्डावरच्या स्क्रूने जरा वाढवलं असतं तर तीही चढली असती. मुलगा त्यासाठी अडून बसला होता. त्याला गणित मांडून दाखवलं. चिपची वीज फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४०० वरून ५०० ला जायचं आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवायचं, तर हॅशरेट सव्वापट, वीज १.२५ गुणिले १.२१, म्हणजे दीडपट. साडेनऊ वॉटचे सव्वाचौदा. तेवढा प्रवाह पुन्हा त्याच दीड अँपिअरच्या प्लगमधून. तिथे तो स्वतःच म्हणाला, "ऱ्हावू दे, चारशे पंचवीसच बरंय."

कमाईचं बोलणं वडिलांनी काढलं, आणि ते योग्यच होतं. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभर मिळून ४५०. जगाचा हॅशरेट ८०० एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे शंभर कोटी गिगाहॅश) धरला, तर दोन स्टिकचे ५७१ गिगाहॅश दिवसाला सुमारे ३२ सातोशी मिळवतील; दहा कोटी सातोशींचा एक बिटकॉइन. बिटकॉइन ८० लाखांना धरला तरी अडीच रुपये. सगळा संच ३० वॉट धरला तर दिवसाला पाऊण युनिट, त्याचे सहा-सात रुपये. वर त्यातून जे विकाल त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि विजेचं बिल त्यातून वजा होत नाही. एकट्याने अख्खा ब्लॉक लागण्याची वाट बघायची तर एका ३०० गिगाहॅशच्या स्टिकला सरासरीने ५० हजार वर्षं.

हे आकडे त्यांच्यासमोर मांडले आणि सोबत हेही सांगितलं की मुलगा या दोन पट्ट्यांवर बक कन्व्हर्टर, संपर्करोध आणि उष्णतेचा प्रवाह ज्या तऱ्हेने हाताने शिकला, ते शिकवायला कॉलेजच्या प्रयोगशाळेतही सहसा एवढा वेळ देत नाहीत. महिन्याला दोनशे रुपयांच्या विजेत हे होत असेल तर मी माझ्या मुलाला करू दिलं असतं. त्यांनी परवानगी दिली, अट एकच: घरात कुणी नसेल तेव्हा बंद.

त्याला आता तिसरी स्टिक घ्यायची आहे. सप्लायला हरकत नाही. तीन स्टिक मिळून सहा अँपिअरच्या आसपास होतील, १० मध्ये बसतात. अडचण हबच्या बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीची आहे, ती सहा अँपिअरसाठी बनवलेली नाही. म्हणून तिसरी स्टिक हबच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमध्ये, आणि त्या सॉकेटला सप्लायपासून स्वतंत्र जाड वायरीची जोडी. लावल्यानंतर पहिले काही आठवडे हीटसिंकच्या आधी प्लगच्या कवचावर टेप लावून त्याचं तापमान लिहून ठेवायचं, खोलीच्या तापमानासकट. दर आठवड्याला फरक वाढताना दिसला तर स्टिक दुसऱ्या सॉकेटला हलवायची आणि हब माझ्याकडे आणायचा.